गोपूचे नाव मी हजेरीत ठेवले आहे

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला आणि माणसाचा प्रत्येक उच्चार प्रथम ऐकणाऱ्या वाग्देवतेला नमस्कार करून, मैथिली, आज तुझ्या तेराव्या दिवशी हे लिहावयास बसलो आहे. तमिळ मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेसाठी दोन पाने द्यावीत, असा निरोप आला. तुझा जन्म, शिक्षण, अंबत्तूरच्या कचेरीतली नोकरी हे सारे त्यांनी एका कागदावर क्रमाने लिहून पाठवले आहे. तो कागद मी बाजूला ठेवला. ते कोणीही लिहील. मला तुझ्याशी बोलावयाचे आहे, आणि जे बोलावयाचे ते तू ऐकत होतीस तेव्हाच बोलावयास हवे होते.

माझे वय अठ्ठ्याहत्तर आणि तुझे एकेचाळीस. माझ्या माघारी पाठशाळेचे संकेतस्थळ मैथिलीने सांभाळावे, तिच्या शब्दाबाहेर कोणी जाऊ नये, असे मी दोन वर्षांपूर्वी एका कागदावर लिहून सही करून ठेवले होते. तो कागद अजून पंचांगाच्या मलपृष्ठात आहे. काल तिथी पाहताना तो हाती आला, आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. फाडण्याचे धैर्य झाले नाही.

तुझे वडील आणि मी कावेरीकाठच्या एकाच पाठशाळेत, एकाच गुरूंपुढे बसलो. ते गेले त्या दिवसापासून तू मला इथल्या रीतीने मामा म्हणू लागलीस. त्याआधी काय म्हणत होतीस, ते आता आठवत नाही. घराघरांतली मुले एका जागी जमेनाशी झाली, तेव्हा तू वेलचेरीहून शेअर ऑटोने नंगनल्लूरला आलीस, माझ्या ओसरीवर लॅपटॉप उघडलास आणि म्हणालीस की मुले येत नसतील तर पाठशाळा त्यांच्याकडे जाईल. तीन आठवड्यांत संकेतस्थळ उभे राहिले. मुलांना पाठ तिथे मिळू लागले, प्रश्न तिथे, हजेरीही तिथेच. सर्वांत मोठ्या अधिकाराचा पासवर्ड तू माझ्या हाती दिलास. मी म्हटले, मला यातले काय कळते. तू म्हणालीस, आचार्य तुम्ही आहात, किल्ली तुमच्याकडेच शोभते; मात्र एक नियम पाळा. जे प्लगिन सार्वजनिक कपाटातून तपासून आलेले नाही, ते इथे जोडायचे नाही. कोणीही दिले तरी नाही.

त्या कपाटाची गोष्ट मला कळावयास पुष्कळ दिवस लागले. हे शिक्षणाचे संकेतस्थळ ज्या रचनेवर चालते, ती जगभर शाळा-महाविद्यालये वापरतात, आणि कोणीही माणूस तिच्यात नवी सोय तयार करून देऊ शकतो. कोणी प्रश्नमंजूषा करतो, कोणी प्रमाणपत्रे छापणारी सोय, कोणी पडद्यावर लिहिता येणारा फळा. अशा सोयीला प्लगिन म्हणतात. ती सर्वांसाठी कपाटात मांडण्यापूर्वी काही स्वयंसेवक ती उघडून तपासतात, आणि त्यांच्यापैकी तू एक होतीस. नोकरीचे पाच दिवस अंबत्तूरला आणि शनिवारची सकाळ या कामाला. मी तुला विचारले होते की तू नेमके काय पाहतेस. तू काफीचा टंबलर खाली ठेवून म्हणालीस, "मांडव एकाचा असतो मामा, पण दिव्याच्या माळा दहा जण आणून बांधतात. माळ सुंदर आहे की नाही ते नंतर. तार कुठे उघडी आहे का, मी ते आधी पाहते. मांडवात मुलं हिंडतात ना."

तपासण्याची तुझी रीत मला आमच्या पाठशाळेची आठवण करून देई. आमच्या गुरूंनी एकच मंत्र आम्हाला आधी सलग, मग पदे सुटी करून, मग दोन-दोन पदे जोडून, मग मागे-पुढे फिरवून म्हणावयास लावला. तेव्हा ती शिक्षा वाटे. पुढे कळले की एकाही वर्णाने आपली जागा सोडू नये म्हणून पूर्वजांनी रचलेले ते कुंपण होते. तूही कोड वरून खाली वाचीत असस, मग खालून वर, मग एखादीच ओळ धरून ती कुठून येते आणि कुठे जाते हे पाहत बसस. एवढ्यावर तुझे समाधान होत नसे. तू एक रिकामे संकेतस्थळ उभारून त्यात ते प्लगिन जोडीत असस आणि त्यात खोटे विद्यार्थी सोडीत असस.

त्या खोट्या विद्यार्थ्यांतला तुझा लाडका गोपू. इयत्ता सहावी, अभ्यासात ढ, खोड्यांत पहिला. उत्तराच्या चौकटीत तो भलतेच लिही, दुसऱ्याच्या गुणांचे पान उघडू पाही, शिक्षकांच्या खोलीत शिरण्याची वाट शोधी. गोपू आत शिरू शकला की ते प्लगिन परत. शनिवारी दुपारी तू मला कळवीत असस की आज गोपूने परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका पाहिली, किंवा आज बिचाऱ्याला सगळी दारे बंद मिळाली. मला हे रुचत नसे. जन्माला न आलेल्या मुलाचे नाव हजेरीत घालावे, त्याच्याकडून खोटे वागवावे, हा असत्याचा संसार कशाला, असे मी एकदा म्हटले. तू हसलीस आणि विचारलेस, "मग खऱ्या मुलाला पाठवू का मामा, उघड्या तारेवर?" मी विषय बदलला.

कोणी घाई केली, की पास करणार का असे विचारले, की तुझे उत्तर एकच असे: "पार्कलाम." पाहू या. तमिळमध्ये हा शब्द बहुतेक वेळा टाळण्यासाठी वापरतात. तू म्हणालीस म्हणजे खरोखर पाहणार, हे मला ठाऊक होते.

आता नरसिंगरावांचे लिहावयास हवे. त्यांना या लेखाची कल्पना दिली आहे, आणि त्यांनी नाव घालावयास सांगितले आहे. अंबत्तूरच्या कारखान्यात आयुष्य काढलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर नातवाच्या पुस्तकांवरून कोड लिहावयास शिकला. माझी अडचण त्यांना माहीत होती. मुलांचे पाठांतर दुरून ऐकताना कोणाची चूक कुठे झाली हे सांगताना माझा गोंधळ उडे. त्यांनी सात महिने खपून एक प्लगिन केले. मुलाने फोनपुढे पाठ म्हणावा, तो ध्वनिमुद्रित होऊन माझ्यापर्यंत यावा, आणि मी जिथे बोट ठेवीन तिथे मुलाला खूण दिसावी. विजयादशमीला ते एका ताटात पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यावर चंदन आणि कुंकू लावलेले होते. त्यांनी ताट सरस्वतीपुढे ठेवले आणि मला लॅपटॉपवर कोडची पहिली ओळ दाखवली. तिथे यंत्राला न कळणारे, केवळ माणसाने वाचावे असे, गणेशाला नमन होते. माझे डोळे भरून आले.

मैथिली, तुझा नियम मला आठवत होता. विसरलो असे म्हणून मी सुटू शकत नाही. मला वाटले, ज्याच्या आरंभी देवाचे नाव आहे, जे विद्यारंभाच्या दिवशी सरस्वतीपुढून उचलले आहे, त्याला कपाटाची वाट कशाला. तुझ्या हातची किल्ली मी फिरवली आणि ते प्लगिन जोडले. नरसिंगरावांनी ते रीतसर तुमच्या कपाटाकडेही पाठवले होते. पण आमच्या पाठशाळेत ते त्याच दिवशी सुरू झाले.

आणि त्यात मी माझी एक भर घातली. गुरूंपुढे बसताना आम्ही प्रथम अभिवादन करीत असू: आपले नाव, गोत्र, कुळ. माझ्या वर्गात मुलेही आहेत आणि मुलीही, म्हणून मी ते सोपे करून सर्वांना शिकवले होते. नाव, आई-वडिलांची नावे, गोत्र, कोणत्या गावचे, आता कोणत्या रस्त्यावर कोणत्या घरी राहतो. आपण कोण आहोत हे जे मूल ताठ मानेने सांगू शकत नाही, त्याच्या पाठाला पाया नाही, असे मी सांगत आलो. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर मी नियम केला की प्रत्येक पाठाच्या आरंभी अभिवादन झालेच पाहिजे, आणि ते स्पष्ट हवे. एकतीस मुलांनी माझी आज्ञा पाळली. त्यांतली कावेरी तर घरात तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलणारी, आठ वर्षांची. तिच्या तोंडी ते अभिवादन ऐकताना आपली भाषा अजून जिवंत आहे असे वाटे. आठवडाभर मी तृप्त होतो.

मग एका शनिवारी दुपारी तू न कळवता आलीस. नरसिंगरावांचे प्लगिन तुझ्याच वाट्याला तपासणीसाठी आले होते. मी काफी करावयास सांगितली. तू बसण्यापूर्वीच म्हणालीस की ते आजच्या आज बंद करा. मुलांचे आवाज ज्या जागी साठवले जात होते त्या जागेला दार नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या पत्त्याच्या शेवटी एक आकडा असतो. त्यात एक मिळवला की पुढच्या मुलाचा आवाज, पुन्हा एक मिळवला की त्याच्या पुढच्याचा. पासवर्ड नको, विद्यार्थी असण्याचीही गरज नाही. गोपूने एकतिसांचे आवाज ऐकले होते.

मी विचारले, गोपूशिवाय कोणी ऐकले का. तू म्हणालीस की ते कळावयास मार्ग नाही, आणि दोष तोच आहे. मग आवाज खाली आणून म्हणालीस की निदान अभिवादन तरी मुद्रित करू नका. आवाजाबरोबर घराचा पत्ताही जातो आहे. इथे मला राग आला. प्लगिनचा दोष मी सोसला असता. अभिवादनाला दोष लागला हे मला सोसवेना. मुलांनी आता आपले नाव सांगावयाची लाज धरावी का, असे मी विचारले. देवाचे नाव घेऊन विजयादशमीला लावलेल्या गोष्टीवर तू चोराच्या नजरेने पाहतेस, असेही म्हटले.

तू चिडली नाहीस. तू मला विचारलेस, "मामा, ज्याच्या कपाळी भस्म नीट लावलं आहे, त्याचा पाठ न ऐकता तुम्ही बरोबर म्हणता का?"

मी म्हणालो, "तुझ्या वडिलांनी मला असा प्रश्न कधी विचारला नसता."

तू टंबलर अर्धा भरलेला खाली ठेवलास. "सरी मामा," बरे मामा, एवढेच म्हणालीस, पायऱ्या उतरलीस आणि रस्त्याच्या टोकाला ऑटोची वाट पाहत उभी राहिलीस. मी ओसरीवरून तुझी पाठ पाहत होतो. हाक मारणे सोपे होते. तुझ्या वडिलांनी हा प्रश्न मला पाठशाळेत शंभरदा विचारला होता, हे तुला कोणी सांगितले नाही. आज मी सांगतो. ते तुझ्याहून तिखट होते.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या पानावरून ध्वनिमुद्रणाचे बटण नाहीसे झाले होते. तू तुझ्याकडच्या अधिकाराने, माझ्या परवानगीवाचून ते काढलेस. मुलांच्या जागी उभे राहून पाहिले असते तर मी तुला आशीर्वाद दिला असता. मी आचार्याच्या जागी बसून पाहिले आणि अपमान मोजला. शुक्रवारच्या भजनाला नरसिंगराव भेटले, तेव्हा चार माणसांदेखत मी म्हणालो की तपासणाऱ्याला अधिकाराचा मद चढतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या चेहऱ्यावर बरे वाटल्याची खूण दिसली. मलाही बरे वाटले. त्या बरे वाटण्याची फळे काय होती हे तुला ठाऊक होते, मला नव्हते. बटण काढले तरी साठवलेले आवाज नरसिंगरावांनी घेतलेल्या साठवणीच्या जागेत तसेच उघडे होते. ते आवाज फक्त नरसिंगरावच पुसू शकत होते. तू त्यांना तीनदा लिहिलेस. मी पाठ थोपटलेला माणूस तुला उत्तर का देईल?

पाच आठवडे आपण बोललो नाही. पावसात तुमच्या वेलचेरीच्या रस्त्यावर पाणी साठल्याचे वर्तमानपत्रात वाचले, आणि फोन उचलून खाली ठेवला. मग एका गुरुवारी सकाळी तुझा निरोप आला. तो अजून माझ्या फोनवर आहे. "मामा, आवाज अजून उघडे आहेत. नरसिंगराव मामा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. एक शब्द सांगा." बरे आहे का, विचारपूस, काहीच नाही. मी म्हटले, पोरीचा हट्ट सुटलेला नाही. समोरासमोर बोलू, एखादा चांगला दिवस पाहून. तो निरोप तू रुग्णालयातून, हाताला सलाईन लावलेली असताना पाठवला होतास, हे मला रविवारी कळले.

रविवारी दुपारी पावणेचारला तुझ्या आईचा फोन आला. ताप उतरत नाही, रक्त तपासले आहे, भेटीची वेळ चार ते सहा आहे, तुमचे नाव काढते आहे. मी निघालो असतो तर साडेचारला पोहोचलो असतो. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. या गावात तो दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानावर छापलेला असतो आणि दुकानदारसुद्धा पाळतो. मी तर पंचांग वाचणारा. एवढ्या दिवसांचा अबोला अशा वेळी कसा सोडावा? मी वहिनींना म्हटले, उद्या सकाळी येतो. सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ. साडेसातच्या आत आवरून झाले नाही. म्हणून उपरणे घालून, देवाचा अंगारा पुडीत बांधून, मी नऊ वाजण्याची वाट पाहत खुर्चीवर बसलो. आठ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

त्यानंतरचा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. अंगाऱ्याची पुडी माझ्या मुठीतच होती. तुझ्या आईने मला पाहिले आणि त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भावोजी, हा गोपू कोण? तापात दोनदा म्हणाली, गोपूला अजून ऐकू येतंय." त्यांना वाटले तुझ्या आयुष्यात कोणी होता, जो त्यांना माहीत नव्हता. मी त्यांना सांगितले की तो सहावीतला एक मुलगा आहे, फार खोडकर आहे. दुसऱ्या दिवशी सर्व सांगितले. त्या थोड्या हसल्या.

पाचव्या दिवशी नरसिंगराव माझ्याकडे आले. त्यांना तू गेल्याचे दुःख होते, ते खोटे नव्हते. लॅपटॉप मात्र ते बरोबर घेऊन आले होते. त्यांनी संकोचाने विषय काढला. प्लगिनचे काम आता दुसऱ्या तपासनिसाकडे जाणार होते. "अण्णा, तुम्ही पहिले वापरणारे. चार ओळी लिहून द्या, पाठशाळेत काही त्रास झाला नाही म्हणून. गेलेल्या पोरीला मी दोष देत नाही, पण सात महिने घातले आहेत मी." त्यांचे डोळे ओलावले होते. मला त्यांची दया आली, आणि क्षणभर, सांगतो मैथिली, मी लेखणी शोधली.

मग मी म्हणालो की तिने काय लिहिले आहे ते मला दाखवा. त्यांनी पान उघडले. इंग्रजी मी सावकाश वाचतो. पहिल्याच परिच्छेदात तू लिहिले होतेस की हे करणारे आणि हे प्रथम वापरणारे दोघेही माझ्या परिचयाचे आहेत, म्हणून माझ्या प्रत्येक शब्दाची दुसऱ्या तपासनिसाने फेरतपासणी करावी. वापरणारा म्हणून माझे नाव तू दिले नव्हतेस. पाठशाळेचेही नव्हते. पुढे दोष क्रमाने लिहिले होते, आणि प्रत्येकाखाली तो स्वतः पाहावयाचा असेल तर काय करावे हे सांगितले होते.

मी नरसिंगरावांना एक ध्वनिमुद्रण उघडावयास सांगितले. पत्त्यातला शेवटचा आकडा मी माझ्या बोटाने पुसला आणि त्याच्या जागी पुढचा घातला.

कावेरी बोलू लागली. तिचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, गोत्र. मग मी शिकवल्याप्रमाणे न अडखळता, ताठ मानेने: रस्त्याचे नाव, देवळापासूनचे तिसरे घर. खोलीत आम्ही दोघे म्हातारे होतो आणि ते घर आम्हाला दोघांनाही ठाऊक होते. पण ऐकू का, असे तिला आम्ही कुठे विचारले होते?

नरसिंगरावांनी ते दोनदा ऐकले. मग त्यांनी विचारले, "अण्णा, हे कोणालाही ऐकू येतं?"

"गोपूला आलं," मी म्हणालो.

त्यांना समजले नाही, आणि मी समजावलेही नाही. त्यांनी माझ्या मेजावर बसून एकेक ध्वनिमुद्रण पुसले. आकडे मी वाचीत होतो. एकतिसावे पुसून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सर्व पत्ते उघडून पाहिले, आणि मग मागून पुढे. तुझी रीत ते न शिकता शिकले.

त्यानंतर आम्ही तुझे लिखाण शेवटपर्यंत वाचले. आम्हा दोघांपैकी कोणीही ते आधी शेवटपर्यंत वाचले नव्हते. नरसिंगराव 'बदल आवश्यक' या शब्दांवर थांबले होते, आणि मी तर पान उघडलेच नव्हते. पाठ अर्धा टाकून उठणाऱ्या मुलाला मी ओसरीवर उभे करतो. अखेरीस तू लिहिले होतेस की चुकीच्या नेमक्या जागी खूण करण्याची ही युक्ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही, ती फार मोलाची आहे. दार बसवून परत पाठवा, सर्वांआधी मीच पाहीन. नरसिंगराव उठून खिडकीपाशी गेले.

पुढचे दोन दिवस मी घरोघर फोन केले. एकतीस घरे. प्रत्येक घरी सांगितले की तुमच्या मुलाचा आवाज आणि पत्ता काही आठवडे उघड्यावर होता. कोणी ऐकला की नाही हे सांगता येत नाही. मैथिलीने सांगूनही मी दुर्लक्ष केले. कावेरीच्या वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि फक्त विचारले की मग इतके दिवस तुम्ही का बोलला नाहीत. मी म्हटले, माझा मान दुखावला होता. दोन घरांनी मुलांना वर्गातून काढले आहे. ते योग्यच केले. तिघांनी तुझी आठवण काढून फोन ठेवला. काही जण म्हणाले की असू द्या शास्त्रीजी, तुमच्या हातून वाईट काय होणार. याच वाक्याने मी सर्वांत जास्त खचलो. माझ्या हातून काय होणार, हे कोणी तपासले नव्हते. तू तपासलेस.

अभिवादन मी सोडलेले नाही. पण आता मुले ते यंत्रापुढे म्हणत नाहीत. महिन्यातून एकदा ती माझ्या ओसरीवर येतील, समोर बसतील आणि मला सांगतील की ती कोणाची कोण. ते समोर बसलेल्याच्या पायाशी म्हणावयाचे असते. मी ते चव्हाट्यावर म्हणवून घेत होतो. एवढे सांगण्यासाठी तू त्या शनिवारी आली होतीस आणि अर्धी काफी टाकून गेलीस.

तुझ्या रिकाम्या संकेतस्थळाची किल्ली तुझ्या आईने मला दिली. तिथली खोटी खाती पुसावीत का, असे तुझ्याबरोबरच्या स्वयंसेवक मंडळींनी विचारले. बाकीची पुसा म्हटले. गोपूचे नाव मी हजेरीत ठेवले आहे. नरसिंगराव दार बसवून प्लगिन पुन्हा पाठवणार आहेत. कपाटाचे तपासनीस ते त्यांच्या रीतीने पाहतील. पण आमच्या पाठशाळेत येण्याआधी ते या रिकाम्या जागी येईल, आणि तिथे गोपू होऊन मी बसेन. काल सराव केला. नमन करून बसलो आणि सहावीतल्या मुलासारखा विचार करू लागलो: कुठून शिरावे, काय उघडावे, कोणाचे चोरून ऐकावे. दोन तासांत एकही दार उघडता आले नाही. तू हसली असतीस. असत्याचा संसार म्हणालो होतो मी त्याला.

मैथिली, क्षमा मागावी तर ती देणारी नाही. तुझ्या वडिलांना तोंड दाखवावयाची वेळ फार दूर नाही, तेव्हा त्यांना काय सांगू हे ठरवले आहे. म्हणेन, तुमची मुलगी न ऐकता कोणाचा पाठ बरोबर म्हणत नव्हती. नरसिंगरावांनी पहिल्या ओळीतले गणेशाचे नमन तसेच ठेवले आहे. त्याच्या खाली त्यांनी तुझे नाव घातले. मी हरकत घेतली नाही. मात्र या वेळी ती ओळ वाचून मी थांबणार नाही.

आता हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी. तुमच्या घरच्या लेकरांचा आवाज ज्या कानांसाठी आहे त्याच कानांवर पडो. तुमच्या दारी जे येईल ते मंगल असो, आणि मंगल दिसले तरी ते एकदा उघडून पाहण्याची बुद्धी देव तुम्हाला देवो. कडू प्रश्न विचारणारे माणूस तुमच्या घरी असेल, तर त्याचा टंबलर पुन्हा भरा. भराल तो दिवस चांगला. ज्याच्याशी बोलणे राहिले आहे त्याच्याकडे जाण्यासाठी घड्याळ पाहू नका. परमेश्वर तुमच्या घराचे, घरातल्या माणसांचे आणि त्यांच्या वाणीचे रक्षण करो.